अणूची राख आणि चिकणमातींतील जंतु

इतिहासाचा अभ्यासक हा सामान्यतः मागें पाहणारा प्राणी आहे. घडून गेलेल्या गोष्टींचीं कारणें शोधावीं, त्यांचा परस्परसंबंध लावावा आणि त्यांतून मनुष्यस्वभावाविषयीं कांहीं बोध निघत असल्यास तो पदरांत बांधून घ्यावा, एवढीच त्याची आकांक्षा. पुढील काळाविषयीं भाकित करण्याचें काम तो ज्योतिष्यांवर आणि मुत्सद्द्यांवर सोंपवून मोकळा होतो. परंतु विसाव्या शतकांत मनुष्याच्या हातून एक अशी वस्तु निर्माण झाली कीं, तिच्यामुळें सगळ्या लिखित इतिहासापेक्षां कितीतरी मोठ्या अशा भविष्यकाळाची चिंता वाहणें आपणांस प्राप्त झालें आहे. ही वस्तु म्हणजे अणुभट्टींत जळून निघालेल्या इंधनाची राख.

या राखेंतील प्लुटोनियमचा निम्मा भाग नाहींसा होण्यास सुमारें २४,१०० वर्षें लागतात, आणि उरलेल्या निम्म्याचा निम्मा भाग जाण्यास पुनः तितकींच. अजिंठ्याचीं सर्वांत जुनीं लेणीं कोरलीं गेलीं त्यास दोन हजारांहून थोडीं अधिक वर्षें झालीं. मिसर देशांतील मोठ्या पिरॅमिडास सुमारें साडेचार हजार. म्हणजे ज्याला आपण प्राचीन काळ म्हणतों, तो या हिशेबांत एका पायरीचा पांचवा हिस्साहि भरत नाहीं. इतका काळ पहारा करील असें राज्य आजवर झालेलें नाहीं. धोक्याची पाटी लिहून ठेवावी, तर ती वाचणारा राहील याचीहि शाश्वती नाहीं. पेशवे दप्तरांतील मोडी सामान्य सुशिक्षितास दुर्बोध होण्यास एक शतकहि लागलें नाहीं. तेव्हां मनुष्याचा भरंवसा सोडून ही ठेव भूमीच्या स्वाधीन करावी, असें अनेक राष्ट्रांतील शास्त्रज्ञांनीं ठरविलें, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं राखणदार म्हणून चिकणमातीची निवड केली.

या निवडीच्या मागें एक मूक गृहीत उभें होतें. जमिनीच्या खोल पोटांतील माती ही निश्चल, निर्विकार आणि निर्जीव आहे. तेथें जें ठेवावें तें तसेंच राहील, अशी ती समजूत. हें गृहीत कसें रूढ झालें, त्याला छेद देणारा पुरावा किती आधींपासून हाताशीं होता, आणि तो ध्यानांत आल्यावर या विचाराला कोणतें वळण लागलें, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

चिकणमातीचा गुण शास्त्रज्ञांच्या आधीं कुंभाराला आणि शेतकऱ्याला ठाऊक होता. तळ्याच्या तळाला ती चोपली कीं पाणी झिरपत नाहीं. आपल्याकडे धान्य आणि हळद जमिनींतील पेवांत सांठवून वर माती लिंपण्याची चाल जुनी. सांगलीजवळील हरिपूरचीं हळदीचीं पेवें त्याबद्दल प्रसिद्धच आहेत. परंतु पेव उघडणारा जाणता मनुष्य लगेच आंत उतरत नाहीं. तो तें कांहीं वेळ उघडें ठेवतो, आंत दिवा सोडून पाहतो, आणि दिवा विझला नाहीं तरच पाय टाकतो. बंद पेवांतील माल स्वतः श्वास घेत असतो. बुरशी आणि जंतु आंतील प्राणवायु खाऊन टाकतात आणि घातक वायु मागें ठेवतात. तोंड लिंपल्यानें आंतील घडामोडी थांबत नाहींत, त्या फक्त आपल्या दृष्टीआड होतात, हें या पेववाल्याला अनुभवानें कळलेलें असतें. अणुराखेचें पेव बांधणाऱ्यांना हेंच शहाणपण बऱ्याच वळणानें मिळवावें लागलें.

त्यांनीं योजिलेली माती दोन प्रकारची आहे. पहिली बेंटोनाइट. ज्वालामुखीची राख लक्षावधि वर्षें मुरून ती बनते. अमेरिकेंतील वायोमिंग राज्यांतील बेंटन नांवाच्या खडकथरावरून डब्ल्यू. सी. नाइट यांनीं १८९८ सालीं तिला हें नांव दिलें. पाणी लागलें कीं ती फुगते आणि आपल्या भोंवतालची प्रत्येक फट बुजवून टाकते. स्वीडनमध्यें १९७७ सालीं असा कायदा झाला कीं, जळलेल्या इंधनाची सुरक्षित व्यवस्था दाखविल्याखेरीज नव्या अणुभट्टींत इंधन भरतां येणार नाहीं. त्या कायद्याच्या दडपणाखालीं जी योजना १९८३ सालीं परिपक्व झाली, तिच्यांत हें इंधन जाड तांब्याच्या पिंपांत बंद करावें, पिंपाभोंवतीं दाबून घट्ट केलेल्या बेंटोनाइटचें वेष्टन द्यावें आणि हें सर्व सुमारें पांचशें मीटर खोल कातळांत ठेवावें, अशी मांडणी होती. फिनलंडनेंहि तीच वाट धरली. ओल्किलुओटो बेटावरील त्यांच्या भूमिगत कोठाराची खोदाई २००४ सालीं सुरू झाली. दुसरा प्रकार म्हणजे निसर्गानेंच दाबून घट्ट केलेले मातीचे थर. बेल्जममधील मोल, फ्रान्समधील ब्यूर आणि स्वित्झर्लंडचा ज्यूरा प्रांत या तिन्ही ठिकाणीं अशा थरांत प्रयोगशाळा खोदण्यांत आल्या. एकीकडे मातीचें वेष्टन, दुसरीकडे मातीचेंच घर. पण भरंवसा दोहोंकडे एकाच गुणावर, तो म्हणजे तिच्या घट्टपणावर.

आतां जंतूंच्या इतिहासाकडे वळूं. हवेवांचून जीव जगत नाहीं ही समजूत पहिल्यानें कोणीं डळमळीत केली हें शोधूं गेल्यास आपण हॉलंडांतील डेल्फ्ट या गांवीं पोंचतों. तेथील कापडाचा व्यापारी आन्तोनी वान लेवेनहूक यानें आपल्या हातच्या भिंगांतून पाहिलेल्या सूक्ष्म जीवांचें वर्णन १६७६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळविलें, ही गोष्ट बहुतेकांस माहीत असते. त्याचा १६८० सालचा एक प्रयोग मात्र तितका प्रसिद्ध नाहीं. त्यानें दोन कांचनळ्यांत मिऱ्यांची पूड आणि पावसाचें पाणी घातलें. एकीचें तोंड उघडें ठेविलें आणि दुसरीचें ज्योतीवर वितळवून बंद केलें. कांहीं दिवसांनीं बंद नळी उघडली, तों आंत वायु दाबानें कोंडलेला होता आणि पाण्यांत जीव वळवळत होते. या प्रयोगाचें मर्म उमगण्यास २३३ वर्षें जावीं लागलीं. १९१३ सालीं त्याच डेल्फ्टमधील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ मार्टिनुस बायेरिंक यांनीं तो पुनः करून, बंद नळींतील जीव हे प्राणवायूवांचून जगणारे जंतु होते, असें दाखवून दिलें.

मधल्या काळांत पाश्चर यांनीं १८६१ सालीं, प्राणवायूवांचून जगणारे इतकेंच नव्हे तर प्राणवायूनें मरणारे जंतु असतात, हें सिद्ध केलें होतें. १८८७ सालीं रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांना असे जंतु आढळले कीं, जे गंधकाच्या संयुगांपासूनच आपली जीवनशक्ति मिळवितात. आणि १८९५ सालीं बायेरिंक यांनीं डेल्फ्टच्या खंदकांतील गाळांतून एक विलक्षण जंतु वेगळा काढला. आपण जसा प्राणवायु घेतों तसा हा सल्फेट नांवाचा क्षार घेतो, आणि आपण जसा कर्बवायु सोडतों तसा हा कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायु सोडतो. वाचकांनीं या सल्फेट खाणाऱ्या जंतूची ओळख नीट लक्षांत ठेवावी. पुढील सर्व कथेंत तोच खरा नायक आहे, आणि प्रसंगीं खलनायकहि तोच आहे.

येणेंप्रमाणें विसाव्या शतकाच्या आरंभींच, जगण्यास हवा लागते व ऊन लागतें हे दोन्ही नियम सापवाद ठरले होते. मग खोल भूमींत जीव असावा असें म्हणण्यास काय हरकत होती? तसें म्हणणारे निघालेहि. शिकागो विद्यापीठांतील भूशास्त्रज्ञ एडसन बास्टिन यांना प्रश्न पडला होता कीं, तेलविहिरींतून येणाऱ्या पाण्यांत सल्फेट इतकें कमी आणि हायड्रोजन सल्फाइड इतका अधिक कां? १९२६ सालीं त्यांनीं त्या पाण्यांत सल्फेट खाणारे जंतु असल्याचें प्रसिद्ध केलें. १९३१ सालीं कॅलिफोर्नियांतील चार्ल्स लिपमन यांनीं तर पुरातन दगडी कोळशांत जिवंत जंतु सांपडल्याचा दावा केला. परंतु विद्वानांच्या सभेंत या दोघांनाहि एकाच आक्षेपाला तोंड द्यावें लागलें: हे जंतु खोल थरांतील कशावरून? ते तुमच्या गिरमिटाबरोबर वरून खालीं गेले नसतील, किंवा भेगांतून आंत शिरले नसतील, कशावरून? आक्षेप अगदीं रास्त होता, आणि लिपमन यांच्या कोळशाच्या बाबतींत तो विशेष जड होता. पण आक्षेप रास्त असणें निराळें आणि त्यावरून मूळ प्रश्नच निकालांत निघाला असें मानणें निराळें. शंका घेणाऱ्यांनीं पुरावा अपुरा ठरविला. त्यांच्यामागून येणाऱ्यांनीं अपुरा पुरावा म्हणजे उलट बाजूचा निकाल असें धरून चालण्यास सुरवात केली.

याच सुमारास हॉलंडांत एक निराळीच घरगुती अडचण उभी राहिली होती. तेथील ओल्या, चिकण जमिनींत पुरलेले पाण्याचे बिडाचे नळ अकालीं निकामी होत. चमत्कार असा कीं, नळ बाहेरून जसाचा तसा दिसे. त्याचा आकार, त्याची जाडी कायम असे. पण लोखंड नाहींसें होऊन मागें शिसपेन्सिलींतल्यासारखा मऊ भाग उरे आणि तो चाकूनें कापतां येई. लोखंड गंजण्यास प्राणवायु लागतो असा समज. आणि या घट्ट मातींत तर प्राणवायु नव्हता. १९३४ सालीं वोन वोल्झोगेन क्यूर आणि वान डेर व्ल्युख्त या दोघां डच संशोधकांनीं या कोड्याची उकल मांडली. ओल्या मातींत लोखंडाच्या पृष्ठावर सूक्ष्म प्रमाणांत हायड्रोजन तयार होतो आणि त्याचेंच आवरण पुढील झीज रोखतें. परंतु बायेरिंक यांचा तो सल्फेट खाणारा जंतु हा हायड्रोजन खाऊन टाकतो, त्यामुळें झीज अखंड चालते. पुढील संशोधनानें या उपपत्तींत पुष्कळ दुरुस्त्या सुचविल्या आहेत. तथापि मातींत पुरलेला धातु, त्यापासून निघणारा हायड्रोजन आणि त्यावर जगणारा जंतु ही त्रयी प्रथम एका ठिकाणीं मांडली गेली ती येथें, आणि तीहि नगरपालिकेच्या नळांच्या निमित्तानें. मातींत धातूचें पिंप पुरण्याचा विचार कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता, त्या वेळीं त्याचा पहिला धडा लिहून तयार होता.

हा धडा अणुयुगाच्या आरंभीं वाचला जाण्याचा योग मात्र आला नाहीं. १९५५ सालीं मोरिता आणि झोबेल या दोघां सागरशास्त्रज्ञांनीं पॅसिफिक महासागराच्या तळांतील गाळ तपासला आणि ७.४७ मीटर खोलीच्या खालीं आपल्या पद्धतींनीं जंतु वाढवितां येत नाहींत असें पाहून तेथें सजीव सृष्टीची खालची सीमा आखली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथें अणुकचऱ्याचें काय करावें याचा विचार करण्यासाठीं शास्त्रज्ञांची परिषद भरली, आणि तिच्या आधारें राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें १९५७ सालीं आपलें प्रसिद्ध प्रतिवृत्त काढलें. त्यांत मिठाचे थर सर्वांत आशादायक ठरविण्यांत आले. पाणी, उष्णता आणि खडकाची मजबुती हे त्या चर्चेचे मुख्य विषय होते. सजीवांचा प्रश्न केंद्रस्थानीं येण्याचें कारणच नव्हतें, कारण सात-आठ मीटरांखालीं सजीव सृष्टि संपते अशी रेघ नुकतीच कागदावर ओढली गेली होती.

या मिठाच्या मार्गाचा शेवट मोठा बोधप्रद झाला. कॅन्सस राज्यांतील लायन्स येथील मिठाची खाण १९७० सालीं या कामासाठीं निवडण्यांत आली आणि दोनच वर्षांत ती योजना सोडून द्यावी लागली. त्या परिसरांत तेल आणि वायु शोधण्यासाठीं पूर्वीं पाडलेलीं पुष्कळ जुनीं भोंकें होतीं, आणि शेजारच्या एका खाणींत मीठ विरघळविण्यासाठीं आंत सोडलेलें पाणी कोठें गेलें याचा पत्ता लागत नव्हता. निसर्गानें कोट्यवधि वर्षें बंद ठेवलेला थर मनुष्यानें थोड्या वर्षांत चाळणीसारखा करून ठेविला होता. त्या वेळीं या घटनेचा अर्थ पाण्यापुरताच घेतला गेला. आज मागें वळून पाहतां तिच्यांत आपल्या विषयाचें मुख्य सूत्र दिसतें: खोल थराचा दोष त्याच्या मूळ स्वरूपांत क्वचित् असतो; बहुधा तो आपल्या खोदकामाबरोबर आंत जातो.

जंतूंचा प्रश्न पुनः उभा राहिला तो १९८० नंतरच्या दशकांत. अमेरिकेंत साउथ कॅरोलायनामधील सव्हाना नदीच्या कांठीं प्लुटोनियम बनविण्याचा मोठा कारखाना होता आणि तेथील भूजल दूषित झालें होतें. तें कोठवर व कसें पसरेल हें समजण्यासाठीं सरकारी ऊर्जाखात्यानें खोल भोंकें पाडून नमुने काढविले. या वेळीं बास्टिन यांच्यावरील जुना आक्षेप कोणी विसरलें नव्हतें. गिरमिटाच्या चिखलांत मुद्दाम ओळखूं येणारीं द्रव्यें मिसळलीं जात, म्हणजे तीं नमुन्यांत सांपडलीं कीं तो नमुना बाटलेला म्हणून बाजूस ठेवतां येई. इतकी खबरदारी घेऊनहि शेंकडों मीटर खालीं विविध जातींचे जंतु विपुल सांपडले. साठ वर्षांपूर्वीं बास्टिन यांच्या पुराव्याला जी दाद मिळाली नव्हती ती येथें मिळाली. १९९५ साली स्टीव्हन्स आणि मॅकिन्ले यांनीं वॉशिंग्टन राज्यांतील काळ्या कातळाच्या थरांत, सूर्याच्या अन्नाशीं संबंध न ठेवतां भूगर्भांतील हायड्रोजनवरच जगणारी जंतूंची वस्ती असल्याचें मांडलें. त्या हायड्रोजनच्या उगमाविषयीं पुढें वाद झाला, पण हायड्रोजन हें खोल भूमींतील अन्न आहे ही गोष्ट तेव्हांपासून सर्वांच्या विचारांत आली.

या संशोधनांतील एक बारकावा आपल्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. सव्हानाच्या कांठीं वाळूच्या थरांत जंतु पुष्कळ होते आणि चिकणमातीच्या थरांत फार थोडे. १९९७ सालीं न्यू मेक्सिकोंतील जुन्या खडकांतहि असेंच दिसलें. तेथें मातीच्या थरांत जंतूंना लागणारें सेंद्रिय अन्न होतें, पण जागा नव्हती. शेजारच्या वालुकाश्मांत जागा होती, पण अन्न थोडें. जंतूंनीं आपला संसार थाटला होता तो दोहोंच्या सीमेवर, वाळूच्या बाजूला, जेथें मातींतून झिरपणारें अन्न हाताशीं येई. या निरीक्षणानें मातीचें खरें स्वरूप उघड केलें. जंतूची लांबी साधारण एका मिलिमीटरचा हजारावा भाग. घट्ट मातींतील छिद्रें बहुधा त्याच्याहूनहि पन्नास-शंभर पटींनीं लहान. अशा मातींत सांपडलेला जंतु भिंतींत चिणल्यासारखा असतो. त्याला हलतां येत नाहीं, वाढतां येत नाहीं, दुभंगून दोन होतां येत नाहीं. तो मरतोच असें मात्र नाहीं. कुंभकर्णाप्रमाणें तो पडून राहतो. बाजारांत मिळणाऱ्या कोरड्या वायोमिंग बेंटोनाइटच्या पुडींतहि सल्फेट खाणारे जंतु निघाले, आणि शंभर अंश उष्णता सोसूनहि त्यांतले कांहीं पाणी मिळतांच पुनः जागे झाले. मातीला निर्जीव म्हणणें चूक होतें. तिला कोंदट म्हणणें बरोबर आहे. तिची राखणदारी तिच्या कोंदटपणांत आहे.

याची सर्वांत स्पष्ट परीक्षा स्वित्झर्लंडमध्यें झाली. ज्यूरा प्रांतांतील सेंट-उर्सान गांवाजवळ एका मोठ्या रस्त्याच्या बोगद्याला लागून, जमिनीखालीं सुमारें तीनशें मीटरांवर, १९९६ सालीं मों तेरी येथील प्रयोगशाळा सुरू झाली. तेथील मातीचा थर सुमारें साडेसतरा कोटी वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं सांचला. त्यांत सांपडणाऱ्या एका जातीच्या शंखावरून त्याला ओपॅलिनस माती असें नांव पडलें. स्विस योजनेंतील पिंपें पोलादाचीं. प्राणवायु संपल्यावर पोलाद ओल्या मातींत हळूहळू गंजेल, त्यांतून हायड्रोजन निघेल, आणि माती इतकी घट्ट कीं वायूला बाहेर पडण्यास वाट सांपडणार नाहीं. दाब वाढत जाऊन राखणदारच तडकेल, अशी भीति होती. लोझान येथील तंत्रविद्यापीठांतील रिझलान बेर्निए-लातमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या थरांत पाडलेल्या भोंकांतील पाण्यांत पांचशेंहून अधिक दिवस हायड्रोजन सोडला आणि काय होतें तें पाहिलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा वृत्तान्त कोणाहि इतिहासकाराला गुंगवून टाकील असा आहे. तेथें सातेक जातींच्या जंतूंचें एक स्वयंपूर्ण गांवच वसलें होतें. कांहीं हायड्रोजन खाऊन आपला देह बांधीत. त्यांच्या मृत देहांवर दुसरे उपजीविका करीत. आणि त्या दुसऱ्यांनीं टाकलेल्या द्रव्यांचा शेवटचा कण सल्फेट खाणारे जंतु जाळून कर्बवायु करीत. तो कर्बवायु पुनः पहिल्यांच्या कामीं येई. बलुत्यांच्या गांवगाड्याप्रमाणें प्रत्येकाचें काम ठरलेलें आणि कोणाचें टाकाऊ वायां जात नाहीं, अशी ती व्यवस्था. १९३४ सालच्या डच नळांवरील जंतु आणि हे जंतु यांची भूक एकच.

हे जंतु मूळचे त्या थरांतलेच, कीं भोंक पाडणाऱ्या हत्यारांबरोबर आंत गेले, हा बास्टिन यांच्या वेळचा प्रश्न येथेंहि उभा राहिला आणि त्यावर मतभेद आहेत. पण राखेच्या राखणदारीच्या दृष्टीनें दोन्ही उत्तरांचा अर्थ सारखाच. अखंड मातींत ते कांहीं करूं शकत नव्हते. भोंक पडलें, पाणी सांचलें, हायड्रोजन आला, आणि गांव वसलें. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, अशी म्हण आपल्याकडे आहे. येथें ओसरी देणारे आपणच असतों, कारण राख आंत नेऊन ठेवावयाची तर बोगदा खणल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

मग हे पाहुणे मित्र कीं शत्रु? उत्तर पिंपाच्या धातूवर आणि जागेवर अवलंबून आहे. पोलादाच्या पिंपांतून निघणारा हायड्रोजन खाऊन ते दाब कमी करतात, तेव्हां ते मित्र. म्हणूनच बेर्निए-लातमानी यांच्या गटानें असें सुचविलें कीं, बेंटोनाइट आणि मूळ खडक यांच्या मध्यें मुद्दाम सच्छिद्र द्रव्याचा एक थर ठेवावा, म्हणजे जंतूंना राहण्यास जागा मिळेल आणि ते वायूचा बंदोबस्त करतील. म्हणजे ओसरी द्यावयाचीच असेल तर ती आपण ठरविलेल्या जागीं, माजघरापासून दूर, द्यावी. उलट स्वीडन व फिनलंड यांच्या तांब्याच्या पिंपांशीं याच जंतूंनीं सोडलेला सल्फाइड जाऊन भिडला तर तो तांबें कुरतडतो, तेव्हां ते शत्रु. त्यावरील उपाय कॅनडांतील संशोधकांनीं बेंटोनाइट निरनिराळ्या मापानें दाबून शोधला: कोरड्या मातीचें वजन दर घनसेंटिमीटरास सुमारें १.६ ग्रॅम किंवा त्याहून अधिक होईल इतकी ती दाबली, तर जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. स्वीडिश प्रयोगांत पुढें दिसून आलें कीं ही सीमा प्रत्येक मातीला वेगळी असते. तेव्हां सुरक्षिततेचा प्रश्न शेवटीं कारागिराच्या हातावर येऊन ठेपतो: वेष्टन सर्वत्र सारखें चोपलें गेलें कीं नाहीं, कोठें एखादी पोकळी, एखादी फट राहिली कीं काय?

भविष्याची परीक्षा आज घेतां येत नाहीं, म्हणून शास्त्रज्ञांना साक्षीसाठीं भूतकाळाकडेच जावें लागतें. आणि एक साक्षीदार खरोखरच उपलब्ध आहे. १९७२ सालीं फ्रान्समधील एका कारखान्यांत आफ्रिकेंतील गाबॉन देशाच्या ओक्लो खाणींतून आलेल्या युरेनियमांत नेहमींच्या ०.७२० टक्क्यांच्या जागीं ०.७१७ टक्केच हलका युरेनियम भरला. एवढ्याशा तफावतीचा माग काढतां असें सिद्ध झालें कीं, सुमारें दोनशें कोटी वर्षांपूर्वीं त्या खाणींत निसर्गानें स्वतःच अणुभट्ट्या पेटविल्या होत्या. त्यांच्या जन्माला जंतूंचाहि हात लागला होता: आदिकालीन सूक्ष्मजीवांनीं हवेंत प्राणवायु सोडला म्हणून युरेनियम पाण्यांत विरघळून वाहूं शकला, आणि सेंद्रिय द्रव्यांच्या सान्निध्यांत तो पुनः एका जागीं सांचला. त्या भट्ट्यांतील प्लुटोनियम जेथें निर्माण झाला तेथेंच राहून क्षय पावला. भोंवतालच्या मातीनें त्यांना लपेटून धरलें होतें. हा पुरावा मोठा आश्वासक आहे. पण साक्षीदाराची उलटतपासणी केलीच पाहिजे. आयोडीन, सीझियम यांसारखीं चंचल द्रव्यें तेथूनहि निसटून गेलीं. शिवाय ओक्लोच्या मातींत कोणीं बोगदा खणला नव्हता, पिंपें नेलीं नव्हतीं, पोलाद पुरलें नव्हतें. अस्पर्श मातीनें काय केलें तें ओक्लो सांगतें. आपण हात लाविलेली माती काय करील तें मों तेरीसारख्या ठिकाणींच विचारावें लागतें.

आपल्या देशालाहि हा प्रश्न परका नाहीं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूर येथें १९६९ सालीं अणुवीज निर्माण होऊं लागली, आणि १९८० नंतरच्या दशकांत तेथेंच तीव्र किरणोत्सर्गी द्रव कांचेंत बांधण्याचें काम सुरू झालें. कांच झाली तरी ती शेवटीं कोठें तरी ठेवावयाची आहेच. स्वित्झर्लंडनें २०२२ सालीं ओपॅलिनस मातींतील आपली जागा सुचविली आणि त्याच वर्षीं स्वीडिश सरकारनें आपल्या कोठाराला संमति दिली. म्हणजे ज्या निर्णयाचे परिणाम पुढील हजारों पिढ्यांनीं भोगावयाचे तो निर्णय आपल्या डोळ्यांदेखत होत आहे.

या सर्व इतिहासावरून मला एक गोष्ट निश्चित वाटते. निसर्गानें या कामीं मनुष्याला सहसा फसविलें नाहीं. बास्टिन यांचें पाणी, डच नळ, लायन्सचीं भोंकें हीं सर्व कागदोपत्रीं नमूद होतीं. विस्मरण झालें तें एका शास्त्राचें कागद दुसऱ्या शास्त्राच्या लोकांनीं न उघडल्यामुळें. नळांची दुरुस्ती करणारा, तेल शोधणारा आणि अणूची राख पुरणारा हे तिघे एकाच मातींत काम करीत होते, पण एकमेकांचीं दप्तरें त्यांनीं पाहिलीं नव्हतीं. चिकणमाती आपलें काम करील, जोंपर्यंत ती अखंड आहे तोंपर्यंत. ती कोठें, केव्हां, किती खोल आणि कशासाठीं फोडली, प्रत्येक भोंक कशानें बुजविलें, याची बिनचूक नोंद ठेवणें आणि ती एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत, एका लिपींतून दुसऱ्या लिपींत पिढ्यानपिढ्या उतरवून घेणें, हें काम मात्र मातीकडून होणार नाहीं. तें दप्तरदाराचें काम आहे. मागें पाहणाऱ्या आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांना पुढील काळाच्या सेवेचा असा प्रसंग क्वचितच येतो, आणि हें दप्तर राखेबरोबर आजच लावावयास हवें.